'शॅडो ऑफ द कोलॉसस' : उशिरा घेतलेला एक आस्वाद

व्हिडिओ गेमवर या त्रैमासिकात लिहावे की लिहू नये, या प्रश्नाने आम्हांस बरेच दिवस अडवून ठेवले होते. कादंबरी, कविता, नाटक, फार तर चित्रपट, येथवर आमच्या समीक्षेची वेस होती. त्या वेशीबाहेर मुलांनी सुटीत काय खेळावे हा आईबापांचा प्रश्न, वाङ्मयाचा नव्हे, असे आम्ही धरून चाललो होतो. तरुणांच्या वाचनाविषयी याच पानांवर पूर्वी एकदा लिहिताना 'पडद्यावरील कत्तलीचे व्यसन' असा शब्दप्रयोग आम्ही केला होता. काही पालकांना तो आवडलाही होता. तो शब्दप्रयोग निदान एका खेळापुरता मागे घेणे आम्हांस भाग पडले आहे.

तो खेळ म्हणजे 'शॅडो ऑफ द कोलॉसस'. फुमितो उएदा या जपानी दिग्दर्शकाने तो रचला, केनजी काइदो हे त्याचे निर्माते. सोनी कंपनीच्या प्ले-स्टेशन २ या यंत्रासाठी २००५ च्या ऑक्टोबरात तो अमेरिकेत आणि जपानात प्रसिद्ध झाला. २०११ मध्ये प्ले-स्टेशन ३ साठी त्याची उजळलेली आवृत्ती निघाली आणि २०१८ मध्ये ब्लूपॉइंट गेम्स या अमेरिकन संस्थेने सगळी चित्रे नव्याने घडवून तो प्ले-स्टेशन ४ वर आणला. आम्ही खेळलो ती ही २०१८ ची आवृत्ती. मूळ जपानी नाव 'वांदा तो क्योझो', म्हणजे 'वांदा आणि महाकाय मूर्ती'. भटक्या या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे ते जपानी रूप आहे. (आपल्याकडे 'वांदा' म्हणजे काय, हे वाचकांना सांगावयास नको. या पोराने पहिल्याच दृश्यात जे करून ठेवले आहे ते पाहता नाव मराठीतही शोभून दिसते.)

कथा थोडक्यात सांगता येते. एक कोवळा तरुण घोड्यावरून एका लांबलचक पुलावरून निर्जन प्रदेशात शिरतो. पुढ्यात कापडात गुंडाळलेले एका मुलीचे प्रेत आहे. कमरेला तलवार आहे, ती चोरलेली. मुलीचे नाव मोनो. तिच्या नशिबी शाप आहे, असे ठरवून तिच्या माणसांनी तिचा बळी दिलेला आहे. त्या प्रदेशात जाण्यास मनाई आहे, कारण तेथील मंदिरात डॉर्मिन नावाची एक शक्ती वास करते आणि मेलेल्याला उठवण्याचे सामर्थ्य तिच्यापाशी आहे अशी वदंता आहे. मंदिराच्या दोन्ही बाजूंना सोळा मूर्ती. छतातून आवाज येतो, एकाच वेळी पुरुषाचा आणि स्त्रीचा. या सोळा मूर्ती फोडायच्या तर या प्रदेशात हिंडणारे सोळा महाकाय मारले पाहिजेत. तेवढे केलेस तर बघू. मात्र किंमत जबर पडेल. मुलगा म्हणतो, पडू दे.

एवढेच. गाव नाही, बाजार नाही, वाटेत भेटणारे लहानसहान शत्रूही नाहीत. या जातीच्या खेळांत पावलोपावली कोणी ना कोणी मारायला उभे असते, असे आम्ही ऐकून होतो. येथे आहेत ते सोळाच. मधल्या वेळात माळरान, दरी, तळे, वाऱ्याचा आवाज आणि घोड्याच्या टापा. उन्हात तलवार उंच धरली की तिच्यावरून परावर्तित झालेले किरण हळूहळू एकवटतात आणि जिकडे एकवटतात तिकडे पुढचा महाकाय असतो. हिंडताना संगीत जवळजवळ नाही. को ओतानी यांचे वाद्यसंगीत सुरू होते ते महाकाय समोर आल्यावर. दहा-दहा मिनिटे नुसते घोडा दामटणे आम्हांस प्रथम कंटाळवाणे वाटले. चौथ्या-पाचव्या खेपेपासून मात्र त्या शांततेचीच वाट पाहू लागलो.

पहिल्या महाकायाविषयी सविस्तर लिहिले पाहिजे. दोन पायांवर चालणारा, चारमजली चाळीएवढा, हातात सोटा, अर्धे अंग दगडी बांधकामाचे आणि अर्ध्यावर मळके केस. तो आपल्याच तंद्रीत चालला होता. आम्ही त्याच्या पोटरीवरील केसांना लोंबकळलो. येथे या खेळाची मुख्य युक्ती सांगितली पाहिजे, कारण सारी कला तिच्यात आहे. उजव्या तर्जनीखाली एक कळ असते. ती दाबून धरावी तोवर मुलगा केस धरून राहतो आणि सोडली की पडतो. कोपऱ्यातले एक वर्तुळ त्याच्या हातांतील बळ दाखवते, आणि धरून ठेवावे तसे ते आटत जाते. महाकाय अंग झाडतो तेव्हा मुलगा चिंधीसारखा हेलकावतो आणि आमचे बोट दुखेपर्यंत कळीवर आवळले जाते. यंत्राला बोटाचा जोर कळत नाही, कळ दाबलेली आहे की नाही एवढेच कळते. तरीही आम्ही दात-ओठ खाऊन दाबत होतो. संधिवाताच्या बोटांना हे काही बरे नव्हे, असे डॉक्टर म्हणतील.

चढत चढत डोक्यापर्यंत पोहोचलो. तेथे एक निळसर चिन्ह चमकत होते, त्यात तलवार खुपसायची. तीन-चार घाव घातले, काळे रक्त कारंज्यासारखे उडाले आणि तो डोंगर गुडघ्यांवर आला. आता विजयाचा बँड वाजेल, गुण मिळतील, अशी आमची अपेक्षा. वाजू लागले ते संथ, शोकाचे संगीत, दफनविधीला साजेसे. पडलेल्या देहातून काळे धागे निघाले, मुलाच्या अंगात शिरले आणि तो कोसळला. शुद्धीवर आला तो मंदिरात. एक मूर्ती फुटली होती, आणि त्याच्याभोवती एक काळी सावली वाकून उभी होती.

पुढे प्रत्येक वधानंतर सावल्या वाढत जातात. मोनोच्या शिळेभोवती पांढरी कबुतरेही वाढतात. मुलाचा चेहरा फिकट पडत जातो, केस काळे पडतात, अंगावरचे कपडे मळतात. हे इतके हळू घडते की आमच्या ते दहाव्या महाकायापर्यंत लक्षातच आले नाही. कोणी ते शब्दांत सांगत नाही, आणि न सांगणे हेच या कृतीचे मोठे गुणवैशिष्ट्य आहे.

पाचवा महाकाय पक्षी आहे. तळ्यातल्या खांबावर तो निवांत बसून असतो. आपण बाण मारीपर्यंत तो आपले काही वाकडे करीत नाही. तेरावा तर सर्वांत विलक्षण: वाळवंटावरून तरंगणारा, अजस्र, लांब देहाचा, पंखवजा पाती असलेला. तो हल्ला करीतच नाही. त्याच्या पोटाखालच्या हवेच्या पिशव्या बाणांनी फोडाव्या लागतात. मग तो खाली येतो, पाती वाळूत घासू लागतात, तेव्हा घोडा भरधाव त्याच्या बाजूने सोडून पातीवर उडी घ्यायची. हे दृश्य व्हिडिओ गेममध्येच काय, चित्रपटातही आम्ही इतके देखणे पाहिलेले नाही. आणि त्याच वेळी मनात एक ओंगळ भावना होती. आम्ही एका निरुपद्रवी जीवाला ठार मारत होतो आणि आम्हांस मजा वाटत होती.

अमेरिकन चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २०१० साली असे ठामपणे लिहिले होते की व्हिडिओ गेम ही कला कधी होऊ शकणार नाही. त्यांचा एक युक्तिवाद असा की खेळ जिंकता येतो, कलाकृती जिंकता येत नाही. त्या वेळी आम्ही हे वाचले असते तर मान डोलावली असती. आज म्हणावेसे वाटते की हा युक्तिवाद नेमका येथे लंगडा पडतो. या खेळात प्रत्येक विजय आपल्याला थोडा अधिक हरवून जातो, आणि पराभवाचे माप विजयाच्या हिशेबातच दडवलेले आहे. कादंबरीतल्या खुन्याचा हात लेखक चालवतो. येथे तो हात आम्ही चालवला.

तरीही एक आक्षेप आहे, आणि तो लहान नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सर्वांनी पाठ केले आहे की पाप गंभीर ठरण्यास तीन गोष्टी लागतात: कृत्य गंभीर असावे, त्याची पुरती जाणीव असावी, आणि संमती मनापासून असावी. कृत्य तर उघडच गंभीर. तेराव्यापर्यंत जाणीवही झालेली. पण संमतीचे काय? महाकायाला सोडून देण्याची, मुलाला समजावून घरी परत नेण्याची सोय खेळात नाही. एकच वाट ठेवायची, आणि त्या वाटेने गेल्याबद्दल खेळणाऱ्याला दोषी धरायचे, हा कुठला न्याय? या मुद्द्यावर आम्ही खेळ बंद करून नऊ दिवस कंट्रोलरला हात लावला नाही. नऊ दिवसांनी लक्षात आले की वाट होती आणि आम्ही ती घेतली होती: यंत्र बंद करण्याची. आक्षेप त्यामुळे पुरता मिटत नाही, कारण खेळाबाहेर पडणे हे खेळातील कृत्य नव्हे. पण दहाव्या दिवशी आम्ही पुन्हा बसलो, ते का? मोनो उठावी म्हणून नव्हे. चौदावा कसा असेल याची उत्सुकता होती म्हणून. मुलाकडे निदान प्रेम हे कारण होते. आमच्याकडे तेही नव्हते. हे लिहिताना संकोच वाटतो.

डॉर्मिन हे नाव इंग्रजी अक्षरांत उलटे वाचले की निम्रोद होते. उत्पत्तीच्या पुस्तकातला तो बलाढ्य शिकारी. बाबेलच्या बुरुजाशी परंपरेने त्याचे नाव जोडले आहे. जपानी कृतीत जुन्या कराराचे हे नाव पाहून आम्ही चकित झालो. पण आम्हांस अधिक जवळची वाटली ती शौल राजाची गोष्ट. ज्याने स्वतःच मांत्रिकांना देशातून हाकलले होते, तोच राजा एके रात्री वेष पालटून एन-दोरच्या बाईकडे जातो आणि मेलेल्या शमुवेलाला वर आणण्यास सांगतो. लहानपणी आम्हांस शौलाची भीती वाटे. आता त्याची कीव येते. लढाईच्या आदल्या रात्री ज्याला काहीच उत्तर मिळत नाही, तो कुठले तरी दार ठोठावतोच.

येथे एक घरगुती गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. २००८ च्या पावसाळ्यात आमच्या पत्नीचे निधन झाले. मुलगा तेव्हा बारावीला होता. प्ले-स्टेशनचे यंत्र त्याच्या मामाने आखातातून आणून दिलेले. पत्नीच्या महिन्याच्या मिस्सेच्या आदल्या रात्री पाणी पिण्यास उठलो, तेव्हा बाहेरच्या खोलीत हा अंधारात बसून पडद्यावरच्या एका केसाळ जनावराच्या डोक्यात तलवार खुपसत होता. आम्ही काही विचारले नाही. वायर उपसली, यंत्र कपाटात घातले, किल्ली खिशात टाकली. या पोराला काळीजच नाही, असे त्या रात्री मनात आले, आणि ते पुढे बरीच वर्षे मनात राहिले. त्याने ते यंत्र कधीही परत मागितले नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी, २००७ मध्ये, माइक बाइंडर यांचा 'रेन ओव्हर मी' हा चित्रपट आला होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात पत्नी आणि मुली गमावून बसलेला एक मनुष्य त्यात आहे. ॲडम सँडलर यांनी ती भूमिका केली आहे. तो घरात बसून खेळत राहतो, आणि जो खेळ खेळतो तो हाच. चित्रपट म्हणून तो काही थोर नाही, शेवटाकडे फार सैल होतो. पण खेळाची निवड अचूक आहे. ज्याचे माणूस गेले आहे त्याला हातांनी करण्यासारखे काही उरत नाही. औषधे द्यायची नसतात, उशी सरकवायची नसते. या खेळात मात्र हातांना काम आहे: घट्ट धरून राहणे. तो चित्रपट आम्ही वेळीच पाहिला असता तर कपाटाची किल्ली बहुधा खिशात राहिली नसती.

मागील नाताळात मुलगा महिनाभराच्या रजेवर घरी आला तो नवे यंत्र आणि हा खेळ घेऊन. जुन्या रात्रीविषयी तो बोलला नाही, आम्हीही नाही. आम्ही खेळायला बसलो तेव्हा त्याने एकच सूचना केली: "डॅडी, शेवटच्या पुलापाशी आलात की मला हाक मारा."

त्या पुलापर्यंत घोड्याविषयी काही लिहिले नाही, ते मुद्दाम. तिचे नाव आग्रो. सारा प्रवासभर हीच एक सोबत. ती आज्ञेबरहुकूम वळत नाही. खऱ्या घोड्याप्रमाणे जरा उशिरा, जरा आपल्या मनाने वळते. कित्येक खेळाडूंना याचा वैताग येतो म्हणे. आम्हांस आला नाही, कारण हाक मारल्यावर माळावरून ती धावत येते तेव्हा ती हलवायची सोंगटी आहे असे वाटतच नाही. सोळाव्याकडे जाताना एक जुना पूल लागतो. तो मागून ढासळत येतो. अखेरच्या क्षणी आग्रो मुलाला पलीकडे फेकते आणि स्वतः दगडांसह दरीत कोसळते. आम्ही मुलाला हाक मारली होती. तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. बराच वेळ आम्ही दोघे नुसते पडद्याकडे पाहत राहिलो. मग तो चहा टाकायला आत गेला.

सोळावा पडल्यावर जे घडते त्यात या कृतीची बुद्धिमत्ता दिसते. मुखवटा घातलेले एमोन नावाचे वडीलधारे गृहस्थ शिपायांसह मंदिरात येतात. डॉर्मिनचे सामर्थ्य कोंडून ठेवण्यासाठीच ते सोळा तुकड्यांत विभागलेले होते, आणि मुलाने नकळत ते सगळे तुकडे स्वतःच्या अंगात गोळा केले आहेत, हे आपल्याला येथे कळते. शिपाई त्याला भोसकतात, आणि त्याच्या जखमेतून तेच काळे रक्त कारंज्यासारखे उडते. मग डॉर्मिन त्याच्या देहात उभा राहतो, शिंगांचा, काळा, छतापर्यंत. आणि त्या महाकायाचे हातपाय आमच्या कंट्रोलरवर चालू लागतात. आपण जड झालो आहोत, संथ झालो आहोत, पायांशी लहान माणसे पळत आहेत आणि हात उचलेपर्यंत ती निसटून जात आहेत. पहिल्या महाकायाला आम्ही कसे दिसलो असू, हे येथे आम्हांस आमच्याच बोटांतून कळले.

एमोन तलवार कुंडात टाकतात आणि तेथून एक वादळ सुटून सर्वांना आत ओढू लागते. डॉर्मिन विरून जातो, मुलगा पुन्हा मुलगा होतो. खेळ या क्षणीही आमच्याकडून कंट्रोलर काढून घेत नाही. पायऱ्यांना धरता येते, दोन पावले मोनोच्या शिळेकडे रेटता येतात, पुन्हा ओढले जातो. यातून सुटका नाही, सोडावेच लागते. आम्ही किती वेळ धरून होतो ते आठवत नाही. मुलगा चहाचा कप घेऊन मागे आला होता. "सोडा आता," असे तो म्हणाला, अगदी हलक्या आवाजात, जसे आपण आजाऱ्याशी बोलतो.

त्यानंतरचा शेवट मृदू आहे. मोनो उठते. आग्रो लंगडत येते, मेलेली नाही. कुंडात शिंगे असलेले एक तान्हे बाळ सापडते. त्याला घेऊन मोनो मंदिराच्या माथ्यावरील बागेत जाते, तेथे हरणाचे पाडस आहे. एवढ्या विनाशानंतर ही बाग कोणाला फुकटची वाटेल. आम्हांस तशी वाटली नाही, कारण परतीचा पूल कोसळलेला आहे आणि मुलगा मुलगा राहिलेला नाही. आमची तक्रार वेगळी आहे, मोनोविषयी. जिच्यासाठी हे सारे घडले तिच्या तोंडी एक संपूर्ण वाक्यही नाही. ती त्याची कोण, बहीण की वाग्दत्त वधू, सांगितलेले नाही. संयम म्हणून हे एरवी शोभते. पण तिला परत यावयाचे होते का, हा प्रश्न मुलगा विचारत नाही, एमोन विचारत नाहीत आणि उएदाही विचारत नाहीत. लाझरसाला कोणी विचारले होते, असे कोणी म्हणेल. पण लाझरसाच्या बहिणी तरी आपल्याला ठाऊक आहेत, त्यांच्या घरी जेवण कोण रांधत असे हेसुद्धा ठाऊक आहे. मोनो अखेरपर्यंत शिळेवरची आकृती राहते. शोकाचे असे होते खरे, गेलेल्या माणसापेक्षा आपले धरून राहणेच मोठे होऊन बसते. पण कृतीने हे ओळखून दाखवावयास हवे होते, आणि ते ओळखले आहे असे आम्हांस वाटले नाही.

२०१८ च्या आवृत्तीविषयी एक शब्द. तिच्यात गवताचे पाते न् पाते दिसते. मुलाने मूळ खेळाची काही चित्रे दाखवली. त्यांत सारे धुरकट, उन्हाने विटलेले, छायाचित्र फार दिवस भिंतीवर राहिल्यावर होते तसे आहे. कथेला ते विटलेपण अधिक मानवते, असे आमचे मत झाले. मुलाला नवी आवृत्ती बरी वाटते. उएदांचा याआधीचा खेळ 'आयको' २००१ चा. त्याचा नायकही शिंगे असलेला एक मुलगाच आहे, आणि त्या शिंगांचा धागा या कुंडातल्या बाळापर्यंत येतो असे म्हणतात. तो जुन्या यंत्रावर चालतो. कपाट उघडले, यंत्र जसेच्या तसे आहे, वायर तेवढी उंदरांनी कुरतडली आहे. मुलगा ईस्टरला येताना नवी घेऊन येणार आहे.